सातवा गठ्ठा

आमच्या ऑफिसात सगळ्यात कामसू माणूस कोण, असं साहेबांना विचारलंत तर ते नानांचं नाव घेतील. पुरावा आहे त्यांच्याकडे. दर सोमवारी कार्यविवरण नोंदवहीचा गोषवारा निघतो आणि त्यात नानांच्या नावापुढे 'प्रलंबित : निरंक', म्हणजे शिल्लक काम शून्य, असं येतं. माझ्या नावापुढचा आकडा बघून साहेब चष्मा कपाळावर चढवतात. "मॅडम, जरा नानांकडून शिका."

शिकतेच आहे. फार जवळून शिकते आहे, कारण नानांचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून आहे आणि उतार माझ्या बाजूला आहे.

सरकारी नोकरीत नसलेल्यांना थोडं सांगायला हवं. टेबलावरचे कागद कसे लावायचे याचीही आमच्याकडे पद्धत आहे. १९८०च्या दशकात अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी अहमदनगरला होते. त्यांनी तिथल्या दप्तराला जी शिस्त लावली ती पुढे 'लखिना पॅटर्न' म्हणून गाजली. त्यातली सहा गठ्ठा पद्धत आम्हाला आजही पाठ असते. प्रलंबित प्रकरणं एका गठ्ठ्यात, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघणारी दुसऱ्यात, ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल तिसऱ्यात. मग स्थायी आदेश, मग अभिलेख कक्षात जायचे कागद आणि शेवटी नष्ट करायचे कागद. हेतू असा की, माणूस रजेवर असला तरी कागद सापडावा. लखिनासाहेबांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त नानांचा केला नव्हता. नानांचा सातवा गठ्ठा आहे. तो माझ्या टेबलावर असतो.

तो तिथे येतो कसा, हे कळायला मला बराच काळ लागला. कारण नाना कधीच 'हे काम करा' म्हणत नाहीत. नाना सल्ला मागतात.

"ताई, तुमचं ड्राफ्टिंग म्हणजे काय बोलावं! मंत्रालयात असायला हव्या होतात तुम्ही. या पत्रावर फक्त एक नजर टाका." पत्र म्हणजे वरून आलेलं पत्र, उत्तराचा मसुदा अजून जन्मायचाय. मी नजर टाकते. "कसं सुरू करावं हो?" मी पहिलं वाक्य सांगते. "वा! थांबा, विसरेन मी. तुम्हीच लिहून ठेवा ना. मी तोवर चहा सांगतो." चहा येतो. नाना येत नाहीत. चहाचे पैसे मीच देते, हे वेगळं सांगायला नको.

चुकून एखाद दिवशी मी घुश्शात असले तर दुसरा प्रयोग. नस्ती, म्हणजे फाइल, माझ्या टेबलावर ठेवायची आणि आवाज खाली आणून म्हणायचं, "साहेबांचा तुमच्यावर फार विश्वास आहे." साहेबांनी हे सांगितलंय की नाही, हे विचारायला साहेबांकडे जावं लागतं आणि साहेब मीटिंगमध्ये असतात. साहेब बाहेर येईपर्यंत मी अर्धी टिपणी लिहिलेली असते. मग अर्धवट टाकवत नाही. हा माझा स्वभाव नानांनी, मला वाटतं, माझ्या नवऱ्याच्या आधी ओळखला.

एकदा मी ठरवलं की नस्ती परत करायची. शांतपणे केली. दुपारी ती पुन्हा माझ्याकडे. मध्ये एक पान वाढलेलं, त्यावर नानांच्या सुबक अक्षरात शेरा : 'विषय आपल्या कार्यासनाशी संबंधित दिसतो. अवलोकन व्हावे.' मी शेऱ्याखाली शेरा मारून परत पाठवली. तिसऱ्या दिवशी ती वाढीव पानांसह हजर. हळदीकुंकवाचा ब्लाऊजपीस जसा या ओटीतून त्या ओटीत फिरतो आणि शिवत कुणीच नाही, तशी ती नस्ती आमच्या दोन टेबलांत महिनाभर फिरली. शेवटी शिवला मीच.

माहिती अधिकाराचे अर्ज हा तर नानांचा हातखंडा. २००५च्या त्या कायद्यात कलम ६(३) आहे. मागितलेली माहिती दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे असेल, तर अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवावा, असं ते सांगतं. अर्जदाराची वणवण वाचावी म्हणून केलेली सोय. नानांच्या दृष्टीने मी हेच ते दुसरं प्राधिकरण. आणि पाच दिवस त्यांना लागत नाहीत, हात लांब केला की पुरतं. "नाना, सहा-तीन दोन ऑफिसांमध्ये असतं, दोन टेबलांमध्ये नसतं," असं मी एकदा ऐकवलं. नाना गंभीर झाले. "बघा, कायदा किती पक्का आहे तुमचा! म्हणून तर म्हणतो, हे अर्ज तुम्हीच बघावेत."

कायद्याचा आधार घ्यावा तर तोही त्यांच्याच पारड्यात. बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध असा एक अधिनियम महाराष्ट्रात आहे, तोही २००५चा. (विलंब टाळायच्या कायद्याचं नाव वाचतानाच थोडा विलंब होतो, ते सोडा.) त्यात म्हटलंय की, कुठलीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. तातडीची असेल तर चार दिवस. या कायद्याचं काटेकोर पालन करणारा आमच्या ऑफिसातला एकच माणूस म्हणजे नाना. त्यांच्याकडे नस्ती सात मिनिटंही राहत नाही.

मग मी कार्यवाटपाचा आदेश काढून दाखवला. कुणाकडे कोणता विषय, ते त्यात क्रमवार लिहिलेलं असतं आणि तळाला एक ओळ असते : 'वरिष्ठांनी वेळोवेळी सोपविलेली अन्य कामे.' नानांनी बोट तिथेच ठेवलं. "नाना, वरिष्ठ म्हणजे साहेब." नानांनी ड्रॉवर उघडून ज्येष्ठता सूची काढली. त्यांचं नाव माझ्या नावाच्या बरोबर वर. त्यांच्या ड्रॉवरमध्ये मी पाहिलेला तो एकमेव सरकारी कागद. बाकी अडकित्ता आणि पंचांग होतं.

पंचांग उगाच नाही. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन जवळ आलं की तारांकित प्रश्नांची माहिती 'आजच्या आज' मागवली जाते आणि ऑफिसात कुणाचा पाय निघत नाही. नानांचा सायटिका नेमका तेव्हाच उठतो. मार्चअखेरीला भाचीचं लग्न. भाच्या तरी किती असाव्यात एका माणसाला! २०२३च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, सगळ्यांची कामं आठवडाभर ठप्प. नानांच्या कामात काही फरक पडल्याचं कुणाला जाणवलं नाही.

यंदा नाना अर्जित रजा टाकून काशीला गेले आणि त्यांच्या टेबलाचा प्रभार, अर्थातच, माझ्याकडे आला. आदेश हातात पडल्यावर मी घरी जाऊन चक्क रडले. आणि मग एक नवल घडलं. माझं काम कमी झालं. नानांच्या नावाचं टपाल सकाळीच सरळ माझ्याकडे येई. त्यावर सल्ला नाही, शेरा नाही, चहा नाही. अकराला आलेलं पत्र बाराला मार्गी लागे. संध्याकाळी सव्वासहाला ऑफिस सुटतं, हे मी इतकी वर्षं फक्त परिपत्रकात वाचलं होतं. त्या दिवसांत सव्वासहाला मी फाटकाबाहेर भाजी घेत असे. नवऱ्याने काळजीने विचारलं, "निलंबित-बिलंबित नाही ना झालीस?"

सोमवारच्या गोषवाऱ्यात दोन्ही टेबलं निरंक. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा डोळ्यांवर आणला आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "बघा मॅडम, नानांचं टेबल आठ दिवस सांभाळलंत तर केवढा फरक पडला! संगतीचा परिणाम असतो."

नाना परत आले ते गंगाजलाची बाटली आणि पेढे घेऊन. पहिला पेढा मला. टेबलावरची धूळ रुमालाने झटकून खुर्चीत टेकले, निरंक नोंदवही समाधानाने चाळली आणि ती हलकेच माझ्याकडे सरकवली.

"ताई, या महिन्याचा मासिक अहवाल जायचाय. आता एवढं सगळं तुम्हीच केलंय, मी मध्ये हात घातला तर लिंक तुटेल."