रुई कोस्टाला बसवलं ते बरोबर की चूक?

पोर्तुगालचा रुई कोस्टा म्हणजे दहा नंबर, स्ट्रायकरच्या मागं राहून त्याला पास पुरवणारा. वाद पेटला तो त्याच्याबद्दलच्या पिंट्याच्या एका वाक्यावरून. "रुई कोस्टाला बाकावर बसवला म्हणून २००४ च्या युरो कपात पोर्तुगाल फायनलपर्यंत गेलं. नाहीतर गटातच आटोपलं असतं."

कोल्हापुरात, शिवाजी पेठेच्या कट्ट्यावर, असं बोलून कुणी सुखासुखी घरी जात नाही. तात्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "कुणाला बसवला म्हणालास? इंग्लंडला ११० व्या मिनिटाला गोल मारला त्याला?"

पिंट्या तयारीनंच आला होता. "तात्या, तुम्ही तारखेनं बोला. १२ जून २००४, पोर्टोचं मैदान, समोर ग्रीस. मधे कोस्टिन्या आणि मनीश, त्यांच्या पुढं रुई कोस्टा, बाजूंना फिगो आणि सिमाव, टोकाला पाउलेटा. सातव्या मिनिटाला पाउलो फरेराचा पास चुकला आणि कारागुनिसनं लांबून मारला. त्यानंतर ४५ मिनिटांपर्यंत ग्रीसच्या पेटीत, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये, एक धड चेंडू गेला नाही. हाफ टाइमला रुई कोस्टा आणि सिमाव बाहेर, डेको आणि रोनाल्डो आत. मॅच २-१ नं गेली, पण पुढच्या मॅचपासून डेको कायमचा."

"पुढची मॅच रशिया. दुसरा गोल कुणाचा?"

"रुई कोस्टाचा, ८९ व्या मिनिटाला, रोनाल्डोच्या क्रॉसवर. पण रशियाचा गोलकीपर हाफ टाइमच्या आधीच लाल कार्ड घेऊन गेला होता. दहा जणांवर, बदली म्हणून येऊन."

इथं मास्तरांनी तोंड उघडलं. मुलांना फुटबॉल शिकवणारा माणूस, त्यामुळं ते नावापेक्षा जागा आधी बघतात. "पिंट्या, तू एक बदल सांगतोयस, झाले होते चार. रशियाविरुद्ध पाउलो फरेरा, फर्नांडो कोटो, रुई जॉर्ज आणि रुई कोस्टा बाहेर. मिगेल, रिकार्डो कार्व्हालो, नुनो व्हालेंत आणि डेको आत. आता मोज. कार्व्हालो, व्हालेंत, कोस्टिन्या, मनीश, डेको. हे पाच जण पोर्टो क्लबकडून २६ मे ला गेल्सनकिर्शनला मोनॅकोला ३-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकले होते. ग्रीसची मॅच त्यानंतर १७ दिवसांनी. पोर्टोच्या कोचनं, मोरिन्योनं, त्यांना घासून घासून तयार केलेलं. चेंडू गेला की डेको पहिला अंगावर जाणार, मनीश त्याच्या मागची जागा भरणार, कोस्टिन्या हलणारच नाही. पोर्तुगालच्या कोचनं, स्कोलारीनं, एक खेळाडू बदलला नाही, पोर्टोची मधली फळी अख्खी उचलून देशाला लावली. तिथं रुई कोस्टा परका होता. तो पुढं प्रेस करायला गेला तर मनीश कधी येणार हे त्याला ठाऊक नाही, नाही गेला तर कोस्टिन्या एकटा पडतो."

माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा हाच. ‘वय ३२, पाय जड झाले’ असं सोपं कारण देतात, ते मला पटत नाही. पाय जड झालेला माणूस एक्स्ट्रा टाइममध्ये चेंडू घेऊन तसा धावत नाही. त्या गोलाकडे पुढं येतोच.

(सिमावचं नाव निघालं म्हणून सांगतो. त्या दिवशी रुई कोस्टाबरोबर बाहेर आलेला सिमाव साब्रोसा २०१५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडकडून खेळला. आपल्याकडच्या अनेकांनी त्याला पहिल्यांदा नीट बघितलं ते तेव्हा.)

तात्या आता मागं गेले. "याची सुरुवात बघा की. ३० जून १९९१, लिस्बनचं लुझ मैदान, वीस वर्षांखालच्यांच्या विश्वचषकाची फायनल, समोर ब्राझील. १२० मिनिटं ०-०. पेनल्टीवर ४-२, आणि शेवटची, जिंकवणारी पेनल्टी रुई कोस्टाची. वय १९. फिगो, जाव पिंटो, जॉर्ज कोस्टा सगळे त्याच संघात. मग लिस्बनच्या बेनफिकाकडून १९९४ ची लीग, आणि तिथनं इटलीत, फ्लॉरेन्सच्या फिओरेंटिनाला. सात वर्षं, लीगच्या २१५ मॅच, ३८ गोल. आणि पुढं स्ट्रायकर बातिस्तुता. ती जोडी परत होणे नाही."

"गोल बातिस्तुताचे," पिंट्या.

"आणि चेंडू?"

मास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला आखायला लागले. हा भाग मी सगळाच लिहून घेतला, कारण दहा नंबरचा पास म्हणजे नेमकं काय, हे इतकं सुटं करून कुणी सांगत नाही.

"रुई कोस्टा मैदानाच्या मधोमध उभा राहायचाच नाही. विरोधी डिफेन्सची रेघ आणि त्यांच्या मिडफिल्डची रेघ, या दोन्हींच्या मधे थोडा तिरका. चेंडू निघण्याआधी एकदा मान मागं, चेंडू वाटेत असताना परत एकदा मान मागं. घ्यायचा तो अर्धा वळून, लांबच्या पायावर. म्हणजे पहिल्या स्पर्शातच तोंड गोलकडं. पुढचे दोन-तीन स्पर्श छोटे, मुद्दाम. हे स्पर्श कशाला? डिफेंडरला निर्णय घ्यायला लावायला. तो एक पाऊल पुढं आला की त्याचं वजन पुढच्या पायावर जातं, आणि त्याच क्षणी त्याच्या मागून बातिस्तुता सुटलेला असतो. पास पायात नाही, बातिस्तुताच्या पुढं, उजव्या पायाच्या धावेत. म्हणजे त्याला चेंडू थांबवायला लागत नाही, सरळ मारता येतो."

"मग पोरांना हे जमत का नाही?" कुणीतरी विचारलं.

"तीन चुका. पहिली, चेंडू येताना नजर चेंडूवरच. मान वळत नाही, मग चेंडू मिळाल्यावर बघतात, तोवर माणूस अंगावर. दुसरी, घाई. स्ट्रायकर निघायच्या आधीच पास, तो गेला डिफेंडरला. किंवा उशीर, मग ऑफसाइड. तिसरी, जोर. आपल्याकडच्या कडक मैदानावर चेंडू थांबत नाही, गवतावर बघितलेला पास तसाच मारला की तो थेट गोलकीपरच्या हातात. सरावाला प्लास्टिकचे चार कोन घ्या. दोन कोन ८ मीटरच्या अंतरावर, तो तुमचा दरवाजा. त्याच्या १२ मीटर अलीकडं दुसरे दोन, त्यांच्या मधे पास देणारा. दरवाजात एक डिफेंडर, त्याच्या खांद्याला खांदा लावून स्ट्रायकर. मागनं चेंडू येणार, देणाऱ्यानं वळायचं, पण स्ट्रायकरचं पहिलं पाऊल पडेपर्यंत पास बंद. डिफेंडर जागचा हलला नाही तर पास द्यायचाच नाही, स्वतः दरवाजातनं चेंडू घेऊन जायचं. दहा दहा चेंडू, मग जागा बदलायच्या. डिफेंडरला हलवणं हेच खरं काम आहे, हे पोरांना तिसऱ्या दिवशी कळतं."

पिंट्यानं कागद बघितला, मान डोलावली, आणि तरी सोडलं नाही. "मान्य. पण मिलानचं काय? २००१ ला ८५ अब्ज लिरा मोजून घेतला. पाच वर्षं, लीगच्या १२४ मॅच आणि गोल किती? चार."

हा आकडा तात्यांना बोचतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण उत्तर चांगलं आलं. "आधी तो फ्लॉरेन्समधनं गेला कसा ते बघ. २००० ला बातिस्तुता रोमाला विकला. राहिलेल्या संघाचा कॅप्टन हा, आणि त्या संघानं २००१ चा इटालियन कप पार्माला हरवून घेतला. त्याच उन्हाळ्यात क्लबच्या डोक्यावरच्या कर्जापायी याला मिलानला आणि गोलकीपर टोल्डोला इंटरला विकलं. तरी २००२ ला क्लब बुडालाच, चौथ्या पातळीच्या लीगमधनं नव्यानं सुरू करावा लागला. आता मिलान. तिथं त्याला गोल मारायला आणलं नव्हतं. पुढं शेवचेन्को आणि इन्झागी होते."

मास्तरांनी त्यात भर घातली ती महत्त्वाची. "२००१ लाच मिलाननं पिर्लोलाही घेतलं, आणि पिर्लोही मुळात दहा नंबरच्या जागेचाच. ती जागा भरलेली. मग कोच अँचेलोटीनं पिर्लोला डिफेन्सच्या पुढं, खाली आणला. शेजारी गट्टुसो आणि सीडॉर्फ, वर रुई कोस्टा. २८ मे २००३, मँचेस्टर, युव्हेंटसविरुद्धची चॅम्पियन्स लीगची फायनल याच रचनेत सुरू झाली. ०-० आणि पेनल्टीवर ३-२. रुई कोस्टा ८७ व्या मिनिटापर्यंत मैदानात. खालून पिर्लो खेळ चालवायला लागला तसं वरच्याचं काम बदललं. पिर्लोचा चेंडू पुढं न्यायचा, आणि पिर्लोवर माणूस लागला की स्वतः खाली येऊन माणूस ओढून न्यायचा. हे काम गोलच्या यादीत दिसत नाही."

"आणि मग ब्राझीलचा तो काका आला," पिंट्या.

"आला," तात्या म्हणाले. "२००३ ला. पहिल्याच सीझनला लीगमध्ये दहा गोल. तो चेंडू घेऊन डिफेन्सच्या अंगावर जायचा, हा चेंडू पाठवायचा. अँचेलोटीला पहिला हवा होता. २००४ ची लीग दोघांनी मिळून जिंकली, पण सुरुवात काकाची. इस्तंबूलच्या २००५ च्या चॅम्पियन्स लीग फायनलला रुई कोस्टा आत आला तो ११२ व्या मिनिटाला, गट्टुसोच्या जागी. याबद्दल त्याच्यावर कसलाही डाग नाही."

वकील इतका वेळ गप्प होते. त्यांना एकच मॅच बोलायची असते. "६ सप्टेंबर १९९७, बर्लिन, समोर जर्मनी. ९८ च्या विश्वचषकाची पात्रता. पेद्रो बार्बोसाच्या गोलनं पोर्तुगाल १-० पुढं. बदली जाहीर झाली, रुई कोस्टा बाहेर, सर्जियो कोन्सेसाव आत. रुई कोस्टा चालत निघाला. फ्रेंच रेफ्री मार्क बाट्टानं वेळ काढतोय म्हणून दुसरं पिवळं दाखवलं, म्हणजे लाल."

"बाहेर चाललेल्या माणसाला बाहेर काढलं!" तात्या.

"तिथंच मेख आहे. बदली पूर्ण होते ती नवा खेळाडू रेघेच्या आत पाय टाकतो तेव्हा. तोवर जुना खेळाडू नियमानं मैदानावरचाच. म्हणून लाल पडल्यावर त्याच्या जागी कुणीही येऊ शकत नाही, संघ दहाचा होतो. बदली करायचीच तर दुसऱ्या कुणाला तरी काढून. थोड्याच वेळात कर्स्टननं बरोबरी केली, १-१. पोर्तुगाल गटात जर्मनी आणि युक्रेनच्या मागं तिसरं राहिलं, फ्रान्सला गेलंच नाही. २०१९ पासून नियमच आहे की बदली होणाऱ्यानं जवळच्या रेघेवरून बाहेर पडायचं, मैदान ओलांडून बाकापर्यंत यायचं नाही. तो तेव्हा असता तर हे घडलंच नसतं."

माझं मत विचाराल तर नियमाच्या पुस्तकात बसणारा, आणि तरी अत्यंत वाईट निर्णय. पंचविशीतला, ऐन भरातला दहा नंबर त्यामुळं एका विश्वचषकाला मुकला. पुढं विश्वचषक मिळाला तो एकच, २००२ चा, आणि तिथं पोर्तुगाल गटातच गारद. सगळं ऐन भरातलं आपल्याला बघायला मिळालं ते युरो २००० ला. आइंडहोव्हनला इंग्लंड २-० पुढं होतं. फिगोनं लांबून एक मारला, मग रुई कोस्टाच्या क्रॉसवर जाव पिंटोनं सूर मारून हेडर घातला, आणि तिसरा नुनो गोम्सचा, रुई कोस्टाच्या पासवर. मास्तरांनी कागदावर आखलेला पास बघायचा तर हा तिसरा गोल बघावा.

आता २४ जून २००४. पुन्हा इंग्लंड, लुझ मैदान. यावर पिंट्याही हळू बोलतो. इंग्लंडच्या ओवेननं तिसऱ्याच मिनिटाला गोल मारलेला. स्कोलारीनं ७५ व्या मिनिटाला फिगोला काढून पोस्टिगाला आणलं आणि ७९ व्या मिनिटाला राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा डिफेंडर, मिगेलला काढून रुई कोस्टाला. राइट बॅकला कोण गेला? डेको! पोस्टिगानं ८३ व्या मिनिटाला बरोबरी केली. ११० व्या मिनिटाला रुई कोस्टानं मधून चेंडू घेतला, फिल नेव्हिल अंगाला लागला होता त्याला झटकला, आणि पेटीच्या बाहेरून उजव्या पायानं क्रॉसबारखाली मारला.

"म्हणजे दोघं एकत्र खेळू शकत होते," तात्या म्हणाले. "माझं म्हणणं एवढंच आहे."

"खेळले ना," मास्तर म्हणाले. "पण किंमत बघा. डेको राइट बॅकला. इंग्लंडच्या लॅम्पार्डनं पाचच मिनिटांत कॉर्नरनंतर २-२ केलंच. पेनल्टीत रुई कोस्टाचा चेंडू बारवरून गेला. आपल्या गोलकीपर रिकार्डोनं हातमोजे काढून इंग्लंडच्या व्हॅसेलची पेनल्टी अडवली आणि पुढची स्वतः मारली, म्हणून वाचले."

"आणि फायनलला?"

"४ जुलै. समोर पुन्हा ग्रीस. त्यांच्या हॅरिस्तियासनं ५७ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारला. ६० व्या मिनिटाला कोस्टिन्या बाहेर, रुई कोस्टा आत. डेको आणि रुई कोस्टा, दोघंही मधे, तुम्हाला पाहिजे तसं. अर्धा तास. पण गोल खाल्ल्यावर. ग्रीसचे सगळे चेंडूच्या मागं, दोन रेघांच्या मधली जागाच शिल्लक नाही. ज्याचा सगळा खेळ त्या जागेवर, त्याला तुम्ही ती बुजल्यावर आत पाठवलं."

तात्या बराच वेळ कागदाकडं बघत होते. "५६ व्या मिनिटाला पाठवला असता तर?"

त्यावर पिंट्याकडंही उत्तर नव्हतं. ती मॅच रुई कोस्टाची देशाकडून शेवटची, ९४ वी. गोल २६. पुढं २००६ ला तो बेनफिकात परतला, मे २००८ ला त्याच लुझ मैदानावर थांबला, आणि २०२१ पासून त्याच क्लबचा अध्यक्ष आहे. वकिलांनी चहाचे पैसे दिले. मास्तरांचा कागद पिंट्यानं घडी करून खिशात घातला, कोनांची अंतरं परत एकदा विचारून.