पेशी भरपूर, तरी रक्त थांबत नाही

खानापूरहून मामींनी परवा एक संदेश पुढे पाठवला आणि खाली विचारले, ‘मामांस्नी उद्या बेळगावला मशीनला न्यायचं की नको रे?’ एरवी असे संदेश मी वाचतही नाही. पण डायलिसिस चुकवण्याचा विचार घरात शिरला, म्हणून हे लिहावे लागत आहे.

संदेश म्हणतो की किडनी निकामी झाली की प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, घटतात, म्हणून रक्तस्राव होतो; शिवाय डायलिसिसनेच रक्त पातळ होते, तेव्हा ते टाळा आणि रोज पपईच्या पानांचा रस व शहाळे घ्या. मामांच्या ताज्या रिपोर्टात प्लेटलेट 2 लाख 10 हजार आहेत, म्हणजे दीड ते साडेचार लाखांच्या सर्वसाधारण मर्यादेत. तरीही फिस्टुलातील (डायलिसिससाठी हातात जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीतील) सुया काढल्यावर मामींना कापसाचा बोळा बराच वेळ दाबून धरावा लागतो, कारण पेशी पुरेशा असूनही त्यांचे काम बिघडलेले असते. लघवीवाटे जायला हवे ते ग्वानिडिनोसक्सिनिक आम्ल रक्तात साचते, त्याने नायट्रिक ऑक्साइड वाढतो आणि प्लेटलेट एकमेकींना नीट चिकटत नाहीत. ‘ब्लड’ या नियतकालिकातील नोरिस आणि रेमुझी यांचा 1999 चा आढावा या संदेशाच्या लेखकाने चाळला असता तरी पुरे होते: निरोगी प्लेटलेट अशा रुग्णाच्या रक्तद्रवात (प्लाझ्मात) मिसळल्या की मंदावतात, आणि रुग्णाच्या प्लेटलेट निरोगी रक्तद्रवात सावरतात. त्यात भर पडते ती पंडुरोगाची, कारण प्लेटलेटना रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलणाऱ्या तांबड्या पेशीच कमी असतात.

पपईच्या पानांच्या रसाने डेंग्यूत संख्या वाढल्याचे काही अभ्यास आहेत, हे मान्य. पण इथे संख्येची तक्रारच नाही. सोबत सुचवलेले रोजचे शहाळे मात्र निव्वळ घातक आहे. त्यातले पोटॅशियम निकामी किडनी बाहेर टाकू शकत नाही, आणि ते वाढले की हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो.

डायलिसिसनेच रक्त पातळ होते, या दाव्यात अर्धे सत्य आहे. नळ्यांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपॅरिन देतात. त्याचा परिणाम काही तासांत ओसरतो. साचलेली द्रव्ये मात्र मशीनशिवाय निघत नाहीत, आणि ती निघाल्यावर प्लेटलेटचे काम पूर्ण नाही तरी बऱ्यापैकी सुधारते.

मामींना कळवले आहे की सकाळच्या बसने मामांना न्या, आणि त्यांच्या हिरड्यांतून रक्त येते हे सुया लावण्याआधीच सांगा, म्हणजे हेपॅरिन कमी करता येईल किंवा टाळता येईल.