वॅगन कापून लांब करणं, काकांचा भाचा आणि पेटंट : एका कमेंटला उत्तर

काका, तुमची कमेंट इतकी मोठी आणि इतकी तापलेली होती की खाली दोन ओळी खरडल्या असत्या तर तुम्ही म्हणाला असतात बाई टाळतेय, म्हणून सविस्तरच लिहिते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मालगाडीची जुनी वॅगन मधे कापायची, तुकडा घालायचा, परत जोडायची, अशा 'मेथड'चे पेटंट अर्ज एक्झामिनेशनमध्ये अडकतात आणि बऱ्याचदा ते अडकणं बरोबरच असतं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. काका रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांच्या भाच्याचं तळोज्याला फॅब्रिकेशनचं काम आहे, त्याने असाच एक अर्ज केलाय आणि त्याला पेटंट ऑफिसचा पहिला रिपोर्ट आलाय की हे ऑब्व्हियस आहे, म्हणजे या धंद्यातल्या कुणालाही सहज सुचण्यासारखं आहे. काका म्हणतात, एसीत बसून ऑब्व्हियस म्हणायला काय जातंय, गॅस कटर हातात धरून दाखवा. एकदा झालं की सगळंच सोपं दिसतं. आणि डिझाईन आरडीएसओने (रेल्वेची लखनौची डिझाईन तपासणारी संस्था) पास केलंय तर हे पेटंटवाले कोण टिकोजीराव?

आरडीएसओचं आधी उरकते. लखनौवाले बघतात की वॅगन रुळावर नीट चालेल का, म्हणजे ॲक्सलवर लोड किती, ब्रेक पुरतो का, आणि लांबी वाढवल्यावर वळणावर दोन बोग्यांच्या (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, वॅगनखालचा चाकांचा संच) मधला भाग आत किती जातो, टोकं बाहेर किती येतात. पेटंट ऑफिसला यातल्या कशाशीच घेणंदेणं नाही. त्यांचा प्रश्न एवढाच की हे आधी कुणी केलंय किंवा लिहिलंय का, आणि नसेल तर या धंद्यातल्या माणसाला ते सहज सुचलं असतं का. शंभर टक्के सेफ वॅगन आजोबांच्या काळातल्या पद्धतीनेही बनू शकते. तिला आरडीएसओ खुशाल पास करेल, पण पेटंट मिळणार नाही.

आता तुमचा मेन मुद्दा, कष्ट आणि कसब. तुमच्या कामाबद्दल मला पूर्ण आदर आहे पण कायदा घाम मोजत नाही हो. सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा एक निकाल आहे, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, आमच्या पेटंटच्या धंद्यात कुणीही झोपेतून उठवला तरी सांगेल असा. भांडण होतं मिर्झापूरच्या भांडीवाल्यांचं, लेथवर भांडं पकडून ठेवायच्या एका जुगाडावरून. पेटंट मिळालेलं होतं, पण कोर्टाने ते टिकू दिलं नाही, कारण चांगल्या कारागिराने रोजच्या कामात केलेली सुधारणा, वर्कशॉप इम्प्रूव्हमेंट, तेवढ्यावर इन्व्हेन्शन होत नाही. तुम्हाला हे वाचून आणखी राग येईल, माहितीय मला. पण उलट बाजूने बघा ना. तसं नसतं तर परळला, माटुंग्याला, कुर्डुवाडीला तुम्ही लोक वर्षानुवर्षं जे हाताने करत आलात त्यावर उद्या कुणीतरी कागद रंगवून वीस वर्षांचा हक्क सांगितला असता आणि तुम्हालाच तुमची पद्धत वापरायला परवानगी मागावी लागली असती. हा नियम वर्कशॉपवाल्यांच्या विरोधात आहे असं मला तरी वाटत नाही.

आणि जुन्याला नवं रूप द्यायची कल्पना काही आजची नाही. प्रवासी सेवेतून काढलेले आयसीएफचे (चेन्नईच्या डब्यांच्या कारखान्याचे) डबे घेतात, सीट-पंखे काढतात, खिडक्या-दारं बंद करतात, टोकाला दार करतात आणि त्यातून मोटारगाड्या नेतात, ते एनएमजी डबे सगळ्यांनी बघितलेत. अमेरिकेत ४८ फुटी कंटेनरसाठी बांधलेल्या वेल कार (मधे खोलगट असलेल्या कंटेनरच्या वॅगन) ५३ फुटीसाठी कापून लांब केल्या गेल्या. त्यामुळे "वॅगन कापून लांब करणे" एवढंच कुणी क्लेम केलं, म्हणजे अर्जात एवढ्यावरच हक्क मागितला, तर एक्झामिनर दुसरं काय म्हणणार?

पण तुम्ही चिडून जे लिहिलंत त्यातच एक वाक्य असं होतं की मी ते तीनदा वाचलं. तुम्ही लिहिलंत, "कापायच्या आधी पोटाखाली जॅक लावून किती उचलायचं हे प्रत्येक वॅगनचं वेगळं असतं, भाचा ते आधी मोजतो आणि त्यावरून मधल्या तुकड्याची कड किती तिरकी कापायची ते ठरवतो." अहो काका, मग हेच तर आहे! ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते, वॅगनची अंडरफ्रेम, म्हणजे खालचा सांगाडा, सरळसोट नसते, ती मुद्दाम मधे किंचित वर उचललेली बांधतात, त्याला कॅम्बर म्हणतात, म्हणजे माल भरला की ती दबून सरळ होते. जुन्या वॅगनचा कॅम्बर वापरून वापरून बसलेला असतो आणि प्रत्येकीचा वेगळा बसलेला असतो. ती मधोमध कापली की दोन्ही अर्ध्यांना एका बाजूला बोगीचा आधार आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, मग कापलेली टोकं खाली झुकतात, तशीच सपाट करून जोडली तर रिकामी असताना छान दिसेल आणि माल पडला की पोट खाली. त्यात वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड ओढलं जातं ते वेगळंच. आल्टरेशनचा हाच ताप आहे, टेलर नवीन ब्लाउज शिवायला लगेच घेतो पण जुना वाढवून द्या म्हटलं की तोंड वाकडं करतो, कारण आधीच्या माणसाने काय करून ठेवलंय ते उसवल्याशिवाय कळत नाही.

आता तुम्ही खाली चिकटवलेला भाच्याचा पहिला क्लेम बघा. वॅगन आधारावर ठेवणे, अंडरफ्रेम कापणे, जोडतुकडा बसवणे, वेल्डिंग करणे, ब्रेक पाइप वाढवणे. संपलं. जॅक किती उचलायचा ते नाही, मोजमाप नाही, तिरकी कड नाही. जे फक्त तुमच्या भाच्याला जमतं तेवढंच नेमकं गायब आणि जे कुणालाही जमतं ते सगळं हजर! एक्झामिनर तळोज्याला येऊन शेड बघत नाही, तो क्लेम वाचतो. आणि हल्ली मुंबईत टाकलेला अर्ज अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसातच वाचला जाईल असंही नाही, कोलकात्याच्या कुणाकडेही जाऊ शकतो, हिअरिंग स्क्रीनवर. त्याच्यापुढे कागदावर जे आहे तेवढंच आहे.

झाल्यावर सगळं सोपं दिसतं, हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. याबाबतीत मी एक्झामिनरच्या नाही, तुमच्या बाजूने आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये केएसआरच्या केसमध्ये (गाडीच्या ऍक्सिलरेटर पेडलचं पेटंट होतं) ऑब्व्हियस ठरवणं थोडं सोपं करून ठेवलं, पण तिथेही उत्तर माहीत असताना मागे वळून बघू नका हा इशारा आहेच. आपल्याकडे रिपोर्टमध्ये जुने कागद डी१, डी२ असे लावतात. समजा डी१ मध्ये वॅगन लांब केलीय आणि डी२ मध्ये पुलाच्या गर्डरला कॅम्बर राखून जोड दिलाय, आणि एक्झामिनर म्हणाला दोन्ही एकत्र केलं की झालं. तर नुसतं "आमची पद्धत वेगळी आहे" असं लिहून पाठवू नका, लोक हेच लिहितात आणि हरतात. विचारा की वॅगनवाला गर्डरचा कागद उघडेलच कशाला. गर्डर जागेवर उभा असतो. वॅगनच्या सेंटर सिलमधून (अंडरफ्रेमच्या मधल्या कण्यातून) कपलरची ओढ आणि धक्का अख्ख्या गाडीचा जातो, शिवाय गंजलेलं जुनं लोखंड प्रत्येक वॅगनचं वेगळं. गर्डरची युक्ती जशीच्या तशी इथे का चालत नाही हे इंजिनिअरिंगच्या भाषेत लिहा, आकडे असतील तर आकडे द्या.

आकड्यांवरून आठवलं, पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) मध्ये टेक्निकल ॲडव्हान्स (तांत्रिक प्रगती) किंवा इकॉनॉमिक सिग्निफिकन्स (आर्थिक महत्त्व), दोन्हीपैकी एक चालतं. चार ॲक्सलची वॅगन, २२.९ टनांचा ॲक्सल लोड, म्हणजे सगळी मिळून ९१.६ टन. त्यात लोखंड एक टनाने वाढलं की माल एक टनाने कमी. भाच्याच्या पद्धतीने जोडावर जाड पट्ट्या मारायची गरज कमी होत असेल तर किती किलो वाचले ते लिहायलाच हवं. अर्थात पैसे वाचतात म्हणून पेटंट मिळत नाही, ऑब्व्हियस नसणं वर लागतंच.

तेव्हा भाच्याला आज रात्रीच फोन करून दोन गोष्टी विचारा. पहिली, मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, क्लेममध्ये नव्हे, मागच्या वर्णनात, जॅक आणि मोजमापाचा मजकूर कुठेतरी आहे का? असेल तर क्लेम आवळून तो आत घेता येईल. नसेल तर आता घुसवता येत नाही, कलम ५९ आडवं येतं, मुळात जे सांगितलंच नव्हतं ते दुरुस्तीच्या नावाखाली चालत नाही. उत्तराला रिपोर्टच्या तारखेपासून सहा महिने असतात, मुदत वाढवून मागता येते पण त्या भरवशावर राहू नका. दुसरी, अशी लांब केलेली पहिली वॅगन गिऱ्हाइकाच्या ताब्यात कधी गेली, अर्जाच्या आधी की नंतर? निव्वळ चाचणीसाठी उघड्यावर चालवली असेल तर कायद्यात एक वर्षापर्यंतची थोडी सवलत आहे. भाडं कमावत धावली असेल तर मला कमेंटमध्ये नका लिहू, मेल करा, कारण ते पब्लिकमध्ये बोलायचं नाही.