श्रीमंतांचं अंगण? एका प्रतिक्रियेला उत्तर

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावरच्या भटकंतीबद्दल मी लिहिलं, त्याखाली आपली प्रतिक्रिया आली: "गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, तरी श्रीमंतांच्या अंगणात मिरवून आलात. त्या हिरवळीला पाणी किती लागतं तेही लिहायचं होतं. आणि फोटो किती!"

फोटोंचं मान्य. पिवळ्याधमक गॉर्सच्या झुडपांचे दोन पुरले असते. पाण्याचं म्हणाल तर लेख पायी फिरण्यावर होता, सिंचनावर नाही. तो विषय आपण लिहा, मी वाचेन.

पण "मिरवून आलात"? समोर बसून चहा घेताना हे बोलला असतात का हो? डंडीहून बसने जायचं, डब्यातली पोळीभाजी बाकावर बसून खायची आणि परत यायचं, यात मिरवणं कुठलं?

आता ते अंगण. ही जमीन कुठल्याही क्लबची नाही. ती फाइफ कौन्सिलची, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाची, म्हणजेच सार्वजनिक, आणि १९७४ पासून संसदेच्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट ती सांभाळतो. त्याच्या कितीतरी आधी, १५५२ साली, तिथल्या चर्चचा मुख्य धर्मगुरू आर्चबिशप हॅमिल्टन याला तिथे ससे पाळायचे होते. तेव्हाच्या दस्तातसुद्धा गावकऱ्यांचा तिथे गोल्फ, फुटबॉल खेळायचा हक्क लिहून ठेवलाय. आपल्याकडच्या गायरानासारखंच म्हणा ना. मी सातारा जिल्ह्यात गायरानाच्या कडेला वाढले, तिथे म्हशी राखल्या. त्याला एका रात्रीत तारेचं कुंपण पडलं तेव्हा ग्रामपंचायतीपुढे बोंब मारायला आईबरोबर मीही होते. तेव्हा सार्वजनिक जमीन कशाला म्हणतात हे निदान मला तरी शिकवू नका.

खेळायची फी जबर आहे, कबूल. पण मी खेळले कुठे? मोठी स्पर्धा नसेल तर ओल्ड कोर्सवर, म्हणजे तिथल्या या जुन्या मैदानावर, रविवारी गोल्फ बंद असतो आणि सगळं गाव तिथे फिरायला येतं. स्विल्कन ओढ्यावरच्या त्या जगप्रसिद्ध दगडी पुलावर त्या दिवशी एक कुत्रं आडवं पसरलं होतं आणि लोक त्याला ओलांडून जात होते. इतर दिवशीही ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा रस्ता पहिल्या आणि अठराव्या फेअरवेला, म्हणजे खेळाच्या हिरव्या पट्ट्यांना, आडवा कापत समुद्राकडे जातो. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने तर खेळात अडथळा न आणता आणि ग्रीनवर, म्हणजे चेंडूच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पाय न ठेवता गोल्फ मैदान ओलांडायचा हक्क कुणालाही आहे. परक्याच्या अंगणात शिरल्यासारखं जे आपण रंगवलंत, ते आपल्या डोक्यातलं.

आणि गोल्फ कळत नाही म्हणून दिसतही नाही असं थोडंच आहे? चौदाव्या होलच्या वाटेवरच्या हेल बंकर नावाच्या वाळूच्या खड्ड्याच्या काठावरून मी वाकून पाहिलं. मातीसकट कापलेल्या गवताच्या लाद्या एकावर एक रचून भिंत उभी केलेली, आणि दोन लाद्यांच्या फटीतून नवं गवत डोकावत होतं. खेळाडूला तिथे घाम फुटत असेल. मला त्या गवंड्याचं कौतुक वाटलं. वर चंडोलाची टकळी अखंड चालू होती. यासाठी हातात काठी कशाला हवी?

पुढच्या लेखात ईडन नदीच्या मुखाकडची वाट आहे. फोटो मोजून टाकेन. वाचायची सक्ती नाही.