सुमनताई ‘लताची कॉपी’? तो फॉरवर्ड आता पुरे करा

गायिका सुमन कल्याणपूर यांच्याबद्दलचा हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय आणि मी दर वेळी डिलीट करून गप्प बसायचो. पण या वेळी तो थेट आमच्या भाचीच्या हातातल्या कागदावर उतरलेला दिसला. ती इथे कोथरूडला सुगम संगीताच्या क्लासला जाते, कोजागिरीला क्लासचा कार्यक्रम आहे, तिच्या वाट्याला सुमनताईंचं ‘केतकीच्या बनी तिथे’ आलंय, आणि गाण्याआधी चार वाक्यं बोलायची म्हणून कुणीतरी काकूंनी तिला हाच मजकूर पाठवला. पोरगी मला विचारते, मामा, म्हणजे मी कॉपीची कॉपी करणार का? डोकंच फिरलं माझं.

मजकूर थोडक्यात असा: सुमन कल्याणपूर म्हणजे लताची स्वस्तातली कॉपी, लता-रफीचं रॉयल्टीवरून भांडण झालं म्हणून तिला गाणी मिळाली, भांडण मिटलं आणि ती संपली, लतानं तिच्यासोबत कधी गायलंच नाही, आणि बिचारीला आयुष्यात एक पुरस्कार मिळाला नाही. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘खऱ्या कलावंताला न्याय द्या’. एका बाईला कॉपी म्हणायचं आणि त्याच दमात तिच्यासाठी न्याय मागायचा, हे लिहिणाऱ्याला सुचतं कसं?

आधी त्या कॉपीचंच बघू कारण सगळं विष तिथे आहे. आवाज सारखा होता का? होता, खूपच होता, नाकारण्यात अर्थ नाही. सुमनताईंनी स्वतः मुलाखतीत सांगितलंय की कॉलेजात असताना मी लताबाईंचीच गाणी म्हणायचे, त्यांचा प्रभाव होता, पण माझा आवाजच मुळात नाजूक आणि पातळ, त्याला मी काय करणार. आणि पुढे त्यांनी जे सांगितलंय ते या फॉरवर्डवाल्यांनी नीट वाचावं: रेडिओ सिलोनवर गाणी लागायची तेव्हा नावंच सांगत नसत, आणि कधीकधी तर रेकॉर्डवरसुद्धा नाव चुकीचं असायचं. म्हणजे गाणं हिचं, ऐकणारे म्हणणार वा काय लता गायलीय, आणि मग साठ वर्षांनी आपणच म्हणायचं की ही कॉपी करत होती. नाव गेलं हिचं आणि आरोपही हिच्यावरच!

आणि कॉपी करणारा माणूस शिकतो कशाला? ही बाई सुरुवातीला शिकली केशवराव भोळ्यांकडे. भोळे म्हणजे आपल्या पुण्याच्या प्रभातचे संगीतकार, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’चं संगीत त्यांचं, निदान पुण्यात तरी हे सांगायची वेळ येऊ नये. नंतर उस्ताद अब्दुल रहमान खान, मास्टर नवरंग. शिवाय ‘केतकीच्या बनी’, ‘नाविका रे’, ‘एकदाच यावे सखया’ ही संगीतकार अशोक पत्कींची गाणी, किंवा दशरथ पुजारींचं ‘केशवा माधवा’, ही मुळात यांच्याच गळ्यातून आपल्यापर्यंत आली, मग ही कुणाची कॉपी? शांतपणे ऐका ना एकदा. लताबाईंचा वरचा सूर कसा धारदार लागतो, सुमनताई त्याच उंचीवर जातात पण सुरावर जोर देत नाहीत, शब्द हळूच सोडतात. ‘शब्द शब्द जपून ठेव’ ऐकून ज्याला हा फरक कळत नाही त्याने निदान न्यायनिवाडा करू नये.

आता रॉयल्टी. वाद झाला होता, खरंय. लताबाईंचं म्हणणं होतं गायकाला रॉयल्टी मिळायला हवी, रफीसाहेबांचं म्हणणं एकदा पैसे घेतले की आपला हक्क संपला, आणि साठच्या दशकात काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. त्या काळात रफींबरोबरची बरीच गाणी सुमनताईंकडे आली हेही खरं, ‘ममता’त (1966) तर ‘रहें ना रहें हम’ लताबाईंनी एकटीनं गायलंय आणि त्याच चालीचं द्वंद्वगीत रफी-सुमन, एवढं उघड आहे, त्यामुळे इतकं मी देतो त्यांना. पण म्हणून ‘तेवढ्यामुळेच’? 1954 मध्ये त्यांच्या गाण्याचा ‘मंगू’ चित्रपट आला, त्याच वर्षी ‘दरवाजा’त तलत महमूदबरोबर गाणं, तेव्हा कसली रॉयल्टी आणि कसलं भांडण? 1961 चं ‘जिथे सागरा धरणी मिळते’ हे संगीतकार वसंत प्रभूंचं, त्यात रफी कुठून आले? ‘बात एक रात की’मधलं ‘न तुम हमें जानो’ (1962) हेमंतकुमारांबरोबरचं. आणि भांडण मिटल्यावर संपल्या म्हणता, तर ‘ज्वेल थीफ’मध्ये 1967 ला लता-रफी पुन्हा एकत्र ऐकू आले आणि ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ आलं त्याच्या पुढच्या वर्षी, ‘ब्रह्मचारी’त. रफी-सुमन म्हटलं की लोकांना पहिलं हेच गाणं आठवतं! राखीला दरवर्षी वाजतं ते ‘बहना ने भाई की कलाई से’ तर 1974 चं.

लताबाई त्यांच्यासोबत गायल्याच नाहीत? ‘चाँद’, 1959, हेमंतकुमारांचं संगीत, ‘कभी आज कभी कल कभी परसों’, दोघी एकत्र. युट्यूबवर आहे, शोधायला मिनिट लागत नाही.

पुरस्काराचं तर सरळ खोटं आहे. महाराष्ट्र सरकारचा 2009 चा पुरस्कार मिळाला, आणि तो कुठला तर लता मंगेशकर पुरस्कारच, आणि 2023 ला पद्मभूषण. फार उशिरा मिळालं, याचा मलाही राग आहे, पण तो राग मिळालंच नाही असं लिहून काढायचा नसतो.

आणि या फॉरवर्डसोबत जी अंगाईची क्लिप फिरते ना, ‘निंबोणीच्या झाडामागे’, तिच्यावर गायिका म्हणून लता मंगेशकर लिहिलंय. सुमनताईंना न्याय द्यायला निघालेल्या मजकुरात त्यांचंच गाणं दुसरीच्या नावावर! भाचीच्या कागदावरचा तो मजकूर मी काटलाय आणि काकूंना उत्तर म्हणून एवढंच पाठवलंय: चित्रपट ‘बाळा गाऊ कशी अंगाई’, 1977, गीत मधुसूदन कालेलकर, संगीत एन. दत्ता, गायिका सुमन कल्याणपूर. तुम्हीही तुमच्या ग्रुपवर हेच टाका.