‘वशिला नसेल तर नोकरी नाही’ म्हणणाऱ्या त्या संदेशाला उत्तर

डिप्लोमा, आयटीआय आणि पदवीचे निकाल लागले की व्हॉट्सॲपच्या गटांमधून एक लांबलचक संदेश फिरायला लागतो. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: खासगी नोकरी वशिल्यानेच मिळते. वशिला नसेल तर रोज शंभर अर्ज टाका, हा सगळा आकड्यांचा खेळ आहे. बायोडेटा माणूस वाचतच नाही, संगणक फेकून देतो. अप्रेंटिसशिप म्हणजे स्वस्तात राबवून घेणं, तिच्या नादी लागू नका. आणि शेवटी, थोडे पैसे भरून काम होत असेल तर मागेपुढे पाहू नका.

मी भोसरीत, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात भरतीचं काम बघते. हा संदेश मुलाखतीला आलेल्या मुलामुलींच्या तोंडून जसाच्या तसा ऐकते, आणि त्यातला शेवटचा सल्ला घरांना केवढ्याला पडतो हेही पाहिलं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘वशिला नसेल तर नोकरी नाही’

यात थोडं तथ्य आहे. पात्रता नसताना कुणाचा तरी भाचा चिकटवला जातो, हे होतं आणि ते अन्यायाचंच आहे. पण बहुतेक जागा कशा भरल्या जातात ते सांगते. समजा क्वालिटीतला एक इन्स्पेक्टर राजीनामा देतो. जाहिरात द्यायच्या आधी मी विभागप्रमुखांना विचारते आणि ते शॉप फ्लोअरवर विचारतात, ‘कुणी आहे का बघण्यात?’ दोनतीन नावं येतात. त्या मुलांना बोलावून हातात ड्रॉइंग, एक जॉब (म्हणजे मशिनवर बनलेला भाग) आणि मायक्रोमीटर देतात. ज्याला माप नीट घेता येत नाही तो परत जातो, नाव कुणीही सुचवलेलं असो. कारण उद्या ग्राहकाकडून माल रिजेक्ट होऊन आला तर उत्तर विभागप्रमुखालाच द्यावं लागतं. म्हणजे ओळखीचा उपयोग एवढाच झाला की जागा रिकामी आहे हे त्या मुलाला इतरांच्या आठवडाभर आधी कळलं.

आणि ही ओळख म्हणजे वजनदार मामा असावा लागतो, हा समजही तपासून बघण्यासारखा आहे. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला होता. तो गेल्या शतकातल्या सत्तरच्या दशकात प्रसिद्ध झाला. सुमारे ५६ टक्के लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. पण ज्यांच्याकडून ती कळली, त्यांच्याशी किती वेळा भेट व्हायची असं विचारल्यावर ‘वारंवार’ म्हणणारे १७ टक्क्यांच्या आत होते. ५५.६ टक्के म्हणाले ‘अधूनमधून’ आणि २७.८ टक्के म्हणाले ‘क्वचित’. कारण उघड आहे. घरच्यांना आणि जिवलग मित्रांना साधारण तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. नवी बातमी लांबच्या माणसाकडून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही नोकरी बदलायला जवळच्या नात्यांपेक्षा मध्यम अंतरावरच्या ओळखी जास्त कामी आल्याचं दिसलं.

आपल्याकडे ही माणसं कोण? दोन वर्षं पुढचा सीनियर. आयटीआयचे निदेशक, ज्यांचे जुने विद्यार्थी दहा कारखान्यांत आहेत. चाकणला रूम करून राहणारा गावाकडचा मुलगा. रूम पार्टनरचा सुपरवायझर. त्यांना ‘काही असेल तर बघा ना दादा’ एवढंच म्हटलं की ते ‘हो, बघतो’ म्हणतात आणि विसरतात, कारण त्यांना करण्यासारखं काही दिलेलंच नसतं. त्यापेक्षा असं विचारा: तुमच्याकडे कोणत्या मशिन आहेत? भरती कंपनीच्या रोलवर होते की ठेकेदारामार्फत? क्वालिटीत कुणाला फोन करू आणि तुमचं नाव सांगितलं तर चालेल का? याची उत्तरं कुणीही दोन मिनिटांत देऊ शकतो, आणि द्यायला संकोचतही नाही.

ज्या मुलीच्या घरात, वाडीत कुणीच कारखान्यात गेलेलं नाही, तिला हे अवघडच जातं. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या कॉलेजने मागच्या बॅचचे फोन नंबर आणि कंपन्यांची नावं जपून ठेवली, तर तिचा निम्मा शोध तिथेच सोपा होईल. ज्या प्लेसमेंट सेलमध्ये ही यादी नाही, तिथल्या विद्यार्थ्यांनी ती मागावी.

‘रोज शंभर अर्ज टाका’

एका अर्जाला पाच मिनिटं धरली तरी शंभर अर्जांना आठ तासांच्या वर लागतात. पाच मिनिटांत जाहिरात वाचून होत नाही, मग आपण त्या कामाला बसतो का हे कधी बघणार? माझ्याकडे व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणारं मशिन) ऑपरेटरच्या जागेसाठी अकाउंटंट, डिलिव्हरीवाले, बीबीए झालेले असे सगळ्यांचे अर्ज येतात, आणि त्या ढिगात कामाचा मुलगा दिसायला वेळ लागतो. अर्ज वाढवल्याने त्याची शक्यता वाढत नाही. तो ओळखू येईल असा अर्ज केल्याने वाढते.

एकाच मुलाबद्दल दोन तऱ्हेने लिहिता येतं. ‘मेहनती, प्रामाणिक, सीएनसीचं ज्ञान’ हे मी रोज वाचते आणि त्यातून मला काहीच कळत नाही. त्याच मुलाने ‘फानुक कंट्रोलच्या व्हीएमसीवर सहा महिने काम, टूल ऑफसेट देतो, व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेजने तपासणी, ०.०२ मिलिमीटर टॉलरन्सचे भाग काढले’ असं लिहिलं की मी फोन उचलते. सुरुवातीचा ‘उद्दिष्ट’ हा परिच्छेद काढून तिथे हे लिहा. नुकतंच शिक्षण संपलं असेल तर प्रोजेक्टमध्ये स्वतःच्या हाताने काय केलं ते लिहा. चौघांच्या गटाचा प्रोजेक्ट असेल तर आपला भाग वेगळा सांगा. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथूनच येतो.

आठवड्याला दहापंधरा जागा निवडा. प्रत्येकीची वहीत नोंद ठेवा: कुठे, कोणती जागा, कधी पाठवलं, कुणाशी बोलणं झालं. आठवड्याने एक शांत फोन करा. आठवण करून दिल्याचा राग मला तरी कधी आला नाही. ऑपरेटर, फिटर, वेल्डरच्या जागांसाठी भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा एमआयडीसींत गेटवर बायोडेटा देणं आजही चालतं, कारण लहान कारखाने संकेतस्थळावर जाहिरात देतच नाहीत. राज्य सरकारचं महास्वयम आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस ही दोन्ही संकेतस्थळं मोफत आहेत, तिथे नाव नोंदवाच. रोजगार मेळाव्याला जायच्या आधी कोणत्या कंपन्या, कोणती पदं, हे विचारून घ्या, नाहीतर एसटीचं भाडं फुकट जातं.

‘बायोडेटा संगणक फेकून देतो’

आमच्यासारख्या कारखान्यात असं कोणतंही सॉफ्टवेअर नाही. एक्सेलची फाईल आणि माझे डोळे, एवढंच. मोठ्या कंपन्यांत प्रणाली असते आणि ती अर्जांची वर्गवारी करते. पण अर्जासोबतच्या प्रश्नांची उत्तरं तिथे फार महत्त्वाची असतात: उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, शाखा, शिफ्टची तयारी, नोटीस पीरियड. ती घाईत चुकीची भरली तर अर्ज पुढे जात नाही. दोन रकाने, चौकटी, चित्रं असलेले रंगीत नमुने टाळा, साधा एकरकानी बायोडेटा सगळीकडे नीट उघडतो. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवून टाकण्याचा सल्ला मात्र कुणीही ऐकू नये. मजकूर प्रणालीत गेला की ती अक्षरं उघडी पडतात आणि त्या उमेदवाराच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

‘अप्रेंटिसशिप म्हणजे स्वस्तात राबणं’

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण ज्यांना कुणाची ओळख नाही त्यांच्यासाठी कारखान्यात शिरायचा हाच रीतसर रस्ता आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. म्हणजे या जागा मेहेरबानीच्या नाहीत. विद्यावेतन पगारापेक्षा कमी असतं, हे खरं. प्रशिक्षणानंतर नोकरी द्यायलाच हवी असंही बंधन नाही. पण त्या काळात मशिन हाताखाली येते, सुपरवायझर नावानिशी ओळखायला लागतो, आणि मघाशी सांगितलेला ‘कुणी आहे का बघण्यात?’ हा प्रश्न विचारला जातो तेव्हा तुम्ही तिथेच उभे असता. रेल्वेत लेव्हल १ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनस्तराच्या, भरतीत २० टक्के जागा रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात.

पिळवणूक होते ती बहुधा ‘ट्रेनी’ म्हणून तोंडी ठेवून घेतात तिथे. म्हणून करार सरकारी पोर्टलवर नोंदला आहे का, हे पहिल्याच आठवड्यात बघा. अप्रेंटिसला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करायला लावता येत नाही, हेही माहीत असू द्या.

‘थोडे पैसे भरून काम होत असेल तर’

होत नाही. आमच्यासारखा कारखाना एजन्सीकडून माणूस घेतो तेव्हा एजन्सीला पैसे आम्ही देतो. रजिस्ट्रेशन, लॅपटॉपचं डिपॉझिट, मेडिकल, गणवेश, ‘परत मिळणारी’ रक्कम, यातलं काहीही जॉइनिंगच्या आधी मागितलं की बोलणं तिथेच थांबवा. पत्रावर नामांकित कंपनीचं चिन्ह असेल तर त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून फोन करा, पत्रावरचा नंबर लावू नका.

कोकणातून आणि गोव्यातून आखातात जाणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं: परदेशी भरती एजंटमार्फत होत असेल तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेलाच हवा, त्याचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं, आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, तेही पावती देऊन. लाख-दीड लाख मागणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी कायदा मोडतो आहे. ऑनलाइन पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवता आली तरच ती परत मिळायची आशा असते.