निक्की हेली आणि बोइंग: त्या मेसेजमधलं खरं किती?

एक मेसेज परत परत फिरतोय, की अमेरिकेतल्या राजकारणी निक्की हेली गव्हर्नरकी सोडून विमानं बनवणाऱ्या बोइंगच्या मोठ्या अधिकारी झाल्या, त्यांच्या काळात ७३७ मॅक्स विमानं पडली आणि अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्सचं दार उडालं ते पण त्यांच्यामुळेच. यातलं जवळपास सगळंच चुकीचं आहे.

अधिकारी त्या कधीच नव्हत्या. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात २००५ पासून आमदार, २०११ ते २०१७ गव्हर्नर, मग युनोत अमेरिकेच्या राजदूत, आणि २९ एप्रिल २०१९ ला बोइंगच्या संचालक मंडळावर निवड झाली. म्हणजे कंपनी चालवायची नाही, चालवणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं. मार्च २०२० मध्ये बाहेर पण पडल्या.

आता मॅक्स. लायन एअरचं विमान पडलं ऑक्टोबर २०१८ मध्ये, इथिओपियनचं १० मार्च २०१९ ला, ३४६ माणसं गेली, आणि हेली बोर्डावर आल्या त्यानंतर. घोळ मुळात डिझाइनमध्ये होता, एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर एकाच सेन्सरच्या भरवशावर विमानाचं नाक खाली दाबायचं, सेन्सर गंडला की पायलट वर ओढतोय आणि हे परत खाली दाबतंय. त्या विमानाला मंजुरी मिळाली मार्च २०१७ मध्ये, तेव्हा हेली युनोत होत्या. आणि मॅक्स बनते वॉशिंग्टन राज्यात रेंटनला, साउथ कॅरोलायनात बोइंगचं दुसरं विमान, ७८७, बनतं, एवढं तरी बघा ना फॉरवर्ड करायच्या आधी! दार उडालं जानेवारी २०२४ मध्ये, ते दार म्हणजे दाराच्या जागी बसवलेलं पॅनल, रेंटनला कामासाठी ते उघडलेलं आणि चार बोल्ट परत लावलेच नाहीत. हेलींना जाऊन तेव्हा साडेतीन वर्षं उलटून गेलेली.

हेलींनी बोर्डाचा राजीनामा मॅक्समुळे दिला असंही कुणी म्हणेल, तर तेही खोटं. कोरोनात बोइंग सरकारी मदत मागत होती, ते पटत नाही असं त्यांनी पत्रात लिहिलं.

पण म्हणून बाईंना क्लीन चिट देऊ नका. सीईओ म्युलेनबर्गला बोर्डाने काढलं डिसेंबर २०१९ मध्ये, इतका उशीर का केला हे बोर्डावरच्या प्रत्येकाला विचारता येतं, हेलींनाही. आणि त्याहून मोठा प्रश्न पैशाचा. २००९ मध्ये ७८७ चा कारखाना आणायला साउथ कॅरोलायनाने बोइंगला सवलती दिल्या, गव्हर्नर सॅनफर्ड होते पण आमदार म्हणून हेलींनी बाजूने मत दिलं, २०१३ मध्ये विस्तारासाठी १२ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांवर गव्हर्नर म्हणून सही केली, कामगार संघटनेला उघड विरोध केला, आणि मग त्याच कंपनीच्या बोर्डावर पगारी जागा घेतली. यात काही बेकायदा आहे असं माझं म्हणणं नाही, पण जनतेचा पैसा ज्या कंपनीला दिला तिच्याकडून नंतर मानधन घेणं मला अजिबात पटत नाही, आणि हा मुद्दा त्या मेसेजमध्ये नावालाही नाहीये.